सरकारी विद्यापीठासाठी देणग्या उभारताना : पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यांसाठी

आपल्या जुन्या विभागासाठी काहीतरी करावं असं पाच-सहा जणांच्या मनात येतं, व्हॉट्सॲपवर गट तयार होतो, कुणीतरी पुढाकार घेतं आणि आठवड्याभरात पैसे द्यायला लोक तयारही होतात. मग कुणीतरी विचारतं, चेक कुणाच्या नावानं काढायचा? आमचं घोडं इथंच अडलं, आणि अकरा महिने अडून राहिलं.

मी महाराष्ट्रातल्या एका सरकारी विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाची माजी विद्यार्थिनी. गेली सात वर्षं विभागासाठी देणग्या उभारण्याच्या कामात आहे. सुरुवातीला आमच्याकडे तीन चेक आले. एक विभागप्रमुखांच्या वैयक्तिक नावानं, दुसरा 'भूशास्त्र विभाग' या नावानं आणि तिसरा माजी विद्यार्थी संघाच्या नावानं. विभागाच्या नावाचं खातं अस्तित्वातच नव्हतं आणि संघाची तेव्हा नोंदणी झालेली नव्हती. चेकची मुदत तीन महिन्यांची. आम्ही या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिलो आणि तिन्ही चेक बाद झाले. एका देणगीदारांनी पुढे नवा चेक दिला, एकांनी निम्म्या रकमेचा दिला आणि तिसऱ्यांनी फोन उचलणं बंद केलं. त्यांचा राग मला आजही रास्त वाटतो.

म्हणून या कामाचा क्रम माझ्या मते असा आहे: देणगी मागायच्या आधी देणगी घेण्याची सोय करायची. खाली कायदे आणि अधिकारपदं महाराष्ट्रातली आहेत. दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाचा कायदा वेगळा असतो. प्राप्तिकर, सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च) आणि परदेशी पैशाचे नियम मात्र देशभर एकच आहेत.

१. आधी गरज नेमकी ठरवा

'विभागाच्या विकासासाठी' ही गरज नव्हे. त्यावर कुणी पैसे देत नाही, आणि दिलेच तर ते कशावर खर्च झाले हे पुढे कुणाला सांगता येत नाही. आमच्या पहिल्या पत्रकात हेच शब्द होते. दुसऱ्या पत्रकात आम्ही लिहिलं: 'एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकाला खडकांचे पातळ काप पाहायच्या एका पोलरायझिंग मायक्रोस्कोपवर सहा विद्यार्थी बसतात. तीन तासांच्या प्रात्यक्षिकात प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा तास येतो. आम्हाला बारा मायक्रोस्कोप हवे आहेत.' या पत्रकाला पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त उत्तरं आली.

एका पानावर एवढं लिहा: काय हवं, किती जणांना उपयोग होईल, एकूण किती खर्च येईल, कधीपर्यंत होईल. खर्च काढताना नुसती वस्तूची किंमत धरू नका. कर, वाहतूक, बसवण्याचा खर्च, लागणारं वायरिंग किंवा टेबलं, आणि निदान पाच वर्षांचा देखभाल करार, हे सगळं त्यात आलं पाहिजे. कंपन्यांची दरपत्रकं मागवूनच आकडा लिहा.

ही गरज विभागाच्या बैठकीत मांडून इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घ्या. माजी विद्यार्थ्यांना एक गोष्ट हवी आणि विभागाला दुसरीच, असं फार वेळा होतं. आमच्यातल्या काहींना प्रवेशद्वारापाशी कमान हवी होती.

एक मत स्पष्टच मांडते. मंजूर पदांवरच्या प्राध्यापकांचे पगार ही सरकारची जबाबदारी आहे. त्यासाठी देणग्या गोळा करू नयेत. रिकाम्या जागा भरण्याची मागणी आपण सरकारकडे जोरात करावी आणि देणग्या उपकरणं, शिष्यवृत्त्या, ग्रंथालय, क्षेत्रभेटी, वसतिगृहातल्या सोयी यांसाठी मागाव्यात. देणगी आली म्हणून सरकारी अनुदानाला कात्री लागता कामा नये.

२. पैसा कोणत्या दारानं येणार ते ठरवा

यात सगळ्यात जास्त वेळ जातो. दोन मुख्य वाटा आहेत.

पहिली वाट थेट विद्यापीठाची. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाच्या वतीनं देणग्या, मृत्युपत्रानं दिलेली मालमत्ता वगैरे स्वीकारण्याचा अधिकार व्यवस्थापन परिषदेचा आहे. विभागप्रमुखांना देणगीबद्दल आभार मानता येतात, पण विद्यापीठाच्या नावानं अटी मान्य करता येत नाहीत. देणगीला काही अट असेल, म्हणजे नाव देणं, पदक ठेवणं, व्याजातून शिष्यवृत्ती देणं, तर विषय व्यवस्थापन परिषदेपुढे जाणार हे धरून चाला. त्यासाठी विभागातून टिपणी जाते, ती कुलसचिव कार्यालय आणि वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडून फिरते, मग कार्यक्रमपत्रिकेवर विषय येतो. एक बैठक हुकली की पुढच्या बैठकीची वाट पाहावी लागते. पत्र दिलं की आवक क्रमांक मागून घ्या आणि तो वहीत लिहून ठेवा. 'फाईल कुठे आहे?' या प्रश्नाला त्या क्रमांकाशिवाय उत्तर मिळत नाही.

दुसरी वाट नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघाची. संघ सोसायटी किंवा सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावा लागतो किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी काढावी लागते. पॅन, बँक खातं, दरवर्षीचं लेखापरीक्षण, विवरणपत्रं हे सगळं मागोमाग येतं. इथं निर्णय लवकर होतात आणि खरेदी सोपी जाते. पण हिशेब ठेवायला तीन-चार माणसं वर्षानुवर्षं टिकली पाहिजेत. उत्साहाच्या भरात काढलेले आणि दोन वर्षांनी विवरणपत्रं न भरता पडून राहिलेले संघ मी पाहिले आहेत.

माझा सल्ला: पहिली मोहीम विद्यापीठाच्याच खात्यातून करा. वेळ लागतो, पण देणगीदाराचा विश्वास लवकर बसतो. संघाची नोंदणी त्याच वेळी सुरू करा. विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या 'नॅक'च्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाची दखल घेतली जाते, त्यामुळे विद्यापीठालाही नोंदणीकृत संघ हवाच असतो.

कोणाच्याही वैयक्तिक खात्यात किंवा वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही घेऊ नका. 'तात्पुरतं माझ्याकडे ठेवतो' म्हणणारा माणूस कितीही सचोटीचा असो. त्याच्यावर पुढे संशय येऊ नये म्हणूनच घेऊ नका.

३. ही कागदपत्रं हाताशी ठेवा

देणगी मागायला बाहेर पडण्याआधी एका फाईलमध्ये आणि फोनमध्येही हे असू द्या:

– गरजेचं एक पान आणि त्यामागची दरपत्रकं
– विभागप्रमुखांचं पत्र आणि विद्यापीठानं मोहिमेला दिलेली लेखी परवानगी
– ज्या खात्यात पैसे येणार त्याचं अचूक नाव, क्रमांक, आयएफएससी आणि रद्द केलेला चेक
– विद्यापीठाचा किंवा संघाचा पॅन
– ८०जी मान्यतेचं (म्हणजे देणगीदाराला प्राप्तिकरात वजावट मिळवून देणाऱ्या मान्यतेचं) प्रमाणपत्र, त्यावरची मुदत पाहून
– कंपन्यांकडे जाणार असाल तर सीएसआर-१ नोंदणी क्रमांक (ही नोंदणी काय, ते सहाव्या मुद्द्यात)
– पावतीचा नमुना
– लेखा विभागातल्या एका माणसाचं नाव आणि फोन, जो 'अमुक रक्कम आली का?' याचं उत्तर देईल

शेवटची नोंद किरकोळ वाटेल, पण तिच्यावर बरंच काही अवलंबून असतं. विद्यापीठाच्या मुख्य खात्यात रोज शेकडो रकमा येतात. कुणीतरी ५,००० रुपये पाठवतो, संदर्भ लिहीत नाही आणि ती रक्कम परीक्षा शुल्कात मिसळून जाते. म्हणून शक्य असेल तर देणग्यांसाठी स्वतंत्र उपखातं किंवा लेखाशीर्ष मागून घ्या, आणि पैसे पाठवल्यावर देणगीदारानं नाव, पॅन आणि व्यवहार क्रमांक भरायचा असा साधा गूगल फॉर्म ठेवा.

८०जीबद्दल दोन गैरसमज सर्रास आढळतात. पहिला, विद्यापीठ सरकारी आहे म्हणजे ८०जी असणारच. तसं नाही, मान्यता घ्यावी लागते आणि तिचं नूतनीकरण करावं लागतं. दुसरा, पूर्ण रक्कम करातून वजा होते. बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या ५० टक्के वजावट मिळते आणि तीही उत्पन्नाच्या ठराविक मर्यादेत. शिवाय नवी करप्रणाली निवडणाऱ्या नोकरदाराला ही वजावट मिळतच नाही, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही आणि वस्तुरूप देणगीलाही मिळत नाही. हे आधीच सांगा. करसवलतीचं आमिष दाखवून घेतलेली देणगी जुलैमध्ये विवरणपत्र भरताना आपल्या नावावर शिमगा होऊन परत येते.

प्राप्तिकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा कायदा आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यापेक्षा वेगळे आहेत. लोकांच्या तोंडी '८०जी'च आहे, पण पावत्या छापण्याआधी लेखा विभागाकडून मजकूर तपासून घ्या.

४. यादी करा आणि रकमेची फोड करा

'पाचशे माजी विद्यार्थी आहेत, प्रत्येकानं दहा हजार दिले की पन्नास लाख.' हे गणित कागदावर बरोबर आहे आणि प्रत्यक्षात कधीच जमत नाही. पन्नास लाख उभे करायचे तर फोड साधारण अशी करावी लागते:

– १० लाख देणारा १
– ५ लाख देणारे २
– २ लाख देणारे ५
– १ लाख देणारे १०
– उरलेले १० लाख पाच-पाच हजारांच्या २०० देणग्यांतून

वरच्या प्रत्येक देणगीसाठी तीन-चार जणांना भेटावं लागेल असं धरा. म्हणजे १० लाखांसाठी चार नावं, ५ लाखांसाठी आठ. एवढी नावं यादीत सापडत नसतील तर उद्दिष्ट कमी करा. मोठ्या देणग्यांची निम्म्याहून जास्त रक्कम पक्की झाल्याशिवाय मोहीम जाहीर करू नका. लोक चालत्या गाडीत बसतात. चार महिने उलटून आकडा दोन लाखांवरच दिसला की इच्छा असलेलाही मागे सरतो.

पत्ते मिळवणं हे वेगळंच काम आहे. विभागातले जुने हजेरीपट, क्षेत्रभेटींचे गटफोटो, निवृत्त शिपाईमामांची स्मरणशक्ती या सगळ्याचा आम्ही उपयोग केला. आमच्या विभागातल्या मामांना १९८० पासूनच्या तुकड्यांची नावं पाठ होती, कोण कुठल्या खाणीत लागला हे सुद्धा.

मोठ्या बातम्यांनी दिपून जाऊ नका. २०२३ मध्ये नंदन नीलेकणी यांनी आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले. ती देणगी आली तेव्हा त्यांच्या आणि संस्थेच्या नात्याला ५० वर्षं झाली होती आणि त्याआधीही ते ८५ कोटी देऊन चुकले होते. आज पाच हजार देणाऱ्याची नीट पावती, नीट आभार आणि नीट हिशेब ठेवलात तर वीस वर्षांनी तो काय देईल, कुणी सांगावं.

५. समोर बसून मागा

व्हॉट्सॲपच्या संदेशावर हजार-दोन हजार येतात. लाखाची देणगी समोरासमोर बसल्याशिवाय येत नाही. आणि ती बैठक शक्यतो विभागातच ठेवा.

आमचे सर्वांत मोठे देणगीदार एका बांधकाम कंपनीतून निवृत्त झालेले. वय सत्तरीच्या पुढे. त्यांना आम्ही प्रयोगशाळेत नेलं. मी भाषण तयार केलं होतं, ते राहूनच गेलं. एका विद्यार्थिनीनं मायक्रोस्कोपखाली दख्खनच्या बसाल्टचा पातळ काप लावला होता. तिनं खुर्ची रिकामी करून दिली. त्यांनी चष्मा काढला, डोळा लावला, काप ठेवलेला मायक्रोस्कोपचा मंच हळूहळू फिरवला. प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या करड्या-पांढऱ्या काड्या फिरताना उजळतात आणि विझतात, ते पाहत ते बराच वेळ बसून राहिले. मग शेजारच्या मायक्रोस्कोपकडे हात केला, "हा का झाकून ठेवलाय?" विद्यार्थिनी म्हणाली, "तो बंद आहे, सर. दुरुस्तीला पैसे नाहीत." ते म्हणाले, "मग नवे घेऊन काय करणार? तेही बंदच पडतील." त्या दिवशी त्यांनी काही दिलं नाही. पंधरा दिवसांनी फोन करून दहा लाख देतो म्हणाले, पण अट घातली की त्यातले चार लाख फक्त देखभालीसाठी राखून ठेवायचे. त्या अटीचं महत्त्व पुढे दहाव्या मुद्द्यात सांगते.

मागताना रक्कम सांगा. 'यथाशक्ती द्या' म्हटलं की समोरच्याला अवघडल्यासारखं होतं. 'सर, एका मायक्रोस्कोपचा देखभालीसह खर्च इतका आहे, तेवढा तुम्ही उचलाल का?' असं विचारा आणि मग गप्प बसा. त्यांना विचार करू द्या. नकार मिळाला तर चहा घेऊन, आभार मानून निघा, आणि वर्षभरानं विभागात काय झालं ते कळवा. माझ्या अनुभवात दुसऱ्या वर्षी होकार देणारे बरेच असतात.

मागायला कोण जातं यालाही महत्त्व आहे. जो मागतोय त्यानं स्वतः आधी दिलेलं असावं. समितीतल्या सगळ्यांनी, रक्कम कितीही असो, पहिल्या दिवशी आपापली देणगी भरावी.

६. कंपन्यांकडे जाताना

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या निदान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. कोणत्या कामांवर, ते सातव्या परिशिष्टात दिलं आहे. शिक्षण त्यात आहेच. त्याशिवाय विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांत संशोधन करणाऱ्या सरकारी निधीवरच्या विद्यापीठांना दिलेला पैसाही स्वतंत्रपणे धरला जातो. प्रस्तावात आपलं काम यांतल्या कोणत्या नोंदीत बसतं ते सुरुवातीलाच लिहा. कंपनीतला माणूस ते आधी शोधतो.

१ एप्रिल २०२१ पासून कंपनीकडून असा पैसा घेऊन काम करणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी असावी लागते. राज्य विधिमंडळाच्या कायद्यानं स्थापन झालेली संस्था म्हणून विद्यापीठाला ती घेता येते. आमच्या एका प्रस्तावाला कंपनीनं तोंडी होकार दिला होता. नोंदणी क्रमांक विचारला तेव्हा तो नव्हता, अर्ज करेपर्यंत मार्च उजाडला आणि कंपनीनं पैसे दुसरीकडे दिले.

वेळ सांभाळा. बहुतेक कंपन्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि वर्षाच्या सुरुवातीला आराखडा ठरतो. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत पहिली भेट घ्या. मार्चमध्ये गेलात तर उरलासुरला पैसा कधी मिळतो, पण 'दहा दिवसांत खर्च करून दाखवा' अशी घाई असते आणि विद्यापीठाची खरेदी निविदेशिवाय होत नाही. या दोन वेगांची सांगड बसत नाही, म्हणून करारातच हप्ते आणि मुदती विद्यापीठाच्या खरेदी प्रक्रियेला झेपतील अशा लिहून घ्या.

कंपनीला शेवटी विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचं), फोटो आणि लाभार्थ्यांची संख्या द्यावी लागते. फलक लावता येतो. पण कंपनीच्या मालाची जाहिरात किंवा तिच्या कर्मचाऱ्यांच्याच मुलांसाठी जागा, असलं काही करारात येऊ देऊ नका. ते सीएसआरच्या नियमातही बसत नाही आणि विद्यापीठालाही शोभत नाही.

७. परदेशातल्या मित्रांचे पैसे

इथं पूर्ण सावध राहा. परदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० म्हणजे एफसीआरए. परदेशी स्रोताकडून पैसा घ्यायचा तर केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. कायद्यानं स्थापन झालेल्या काही सरकारी संस्थांना सूट असते. आपलं विद्यापीठ त्यात बसतं का, हे वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. माजी विद्यार्थी संघाला मात्र ही सूट मिळेल असं गृहीत धरू नका.

माणूस भारतीय वंशाचा आहे की नाही याला इथं महत्त्व नाही, पासपोर्ट कुठला ते पाहायचं. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयानं स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गानं दिलेला पैसा परदेशी अंशदान धरला जात नाही. त्याच वर्गातल्या ज्या मित्रानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं आहे, तो ओसीआय कार्डधारक असला तरी परदेशी स्रोत ठरतो. म्हणून परदेशातून रक्कम येण्याआधी पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत मागवा. मित्राकडे पासपोर्ट मागायला संकोच वाटतो, तरी मागा. आणि 'मी भावाच्या इथल्या खात्यातून पाठवतो' ही पळवाट अजिबात स्वीकारू नका.

८. वस्तू आणि नावं

वस्तुरूप देणगी मोहात पाडते. जुने संगणक, फर्निचर, कुणाच्या तरी वडिलांचा ग्रंथसंग्रह. घेण्याआधी विचारा: वस्तू चालू आहे का, ठेवायला जागा आहे का, कुणी वापरणार आहे का. घेतलीत तर डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद झालीच पाहिजे, नाहीतर लेखापरीक्षणात 'ही वस्तू आली कुठून' असा प्रश्न येतो आणि बिचारे प्रयोगशाळा सहायक अडकतात.

नाव देण्याबद्दल देणगीदारांना संकोच असतो आणि विद्यापीठाला भीती. खरं तर आपल्याकडे ही रीत जुनी आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये काढलेल्या महिला विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचं नाव मिळालं. एसएनडीटीतली 'एन' ती. फक्त तीन गोष्टी ठरवून ठेवा: किती रकमेला काय नाव, ते किती वर्षांसाठी, आणि ती इमारत किंवा उपकरण निकामी झालं तर नावाचं काय. हे दानपत्रात लिहा. तोंडी शब्दावर फलक लावू नका.

आणि देणगीच्या बदल्यात प्रवेश, नेमणूक, परीक्षेत सवलत किंवा खरेदीचं कंत्राट असं काही सूचित जरी झालं, तर ती देणगी परत करा. आम्ही एकदा केली. रक्कम मोठी होती आणि त्या रात्री मला झोप लागली नाही, पण निर्णय बरोबरच होता.

९. पैसे आले, आता पावती

सात दिवसांत आभाराचा फोन, पंधरा दिवसांत पावती, असा नियम करा. पावतीवर नाव, पत्ता, पॅन, रक्कम, तारीख, व्यवहार क्रमांक आणि देणगीचा हेतू असावा. 'सर्वसाधारण निधी' अशी पावती निघाली तर लगेच दुरुस्त करून घ्या, कारण मग ती रक्कम मायक्रोस्कोपसाठी आहे हे सिद्ध करता येत नाही.

पावती दिली म्हणजे काम संपलं नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात संस्थेनं वर्षभरातल्या देणगीदारांची यादी फॉर्म १०बीडीमध्ये पुढच्या ३१ मेपर्यंत भरायची आणि प्रत्येकाला १०बीई प्रमाणपत्र द्यायचं, अशी पद्धत २०२१-२२ पासून सुरू झाली. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क होतं. यादीत नाव नसेल तर नुसत्या पावतीवर वजावट मिळत नाही. म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आपली यादी घेऊन लेखा विभागात बसा आणि एकेक पॅन ताडून पाहा. आमच्या पहिल्या वर्षी नऊ जणांचे पॅन चुकले होते, त्यातले सहा आम्हीच फोनवर ऐकून लिहिलेले.

गुप्तदान करायचं असेल तर नाव फलकावर लावू नका, पण हिशेबात नाव-पत्ता असलाच पाहिजे.

१०. अक्षय निधी : खर्चायचे किती, राखायचे किती

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा आणि ग्रंथालय प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभं राहिलं. मनोऱ्याला त्यांच्या आईचं नाव आहे, बांधकाम १८७८ मध्ये पूर्ण झालं. त्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी त्याच्या जीर्णोद्धाराला पुन्हा खासगी पैसा लागला, तो टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनं दिला. दगडी मनोऱ्याची ही कथा, तर मायक्रोस्कोपच्या भिंगाचं काय घेऊन बसलात. ओलाव्यानं त्यावर दोन पावसाळ्यांत बुरशी येते. देखभालीसाठी चार लाख राखण्याची आमच्या देणगीदारांची अट याचसाठी महत्त्वाची होती.

म्हणून प्रत्येक मोहिमेतला काही भाग अक्षय निधी म्हणून राखा, म्हणजे मुद्दल कायम आणि खर्च फक्त व्याजातून. पण इथंही एक सापळा आहे. जुन्या सुवर्णपदकांचं पाहा. कुणीतरी एकेकाळी १०,००० रुपये ठेवले, ६ टक्क्यांनी वर्षाला ६०० रुपये व्याज येतं, त्यात सोन्याचं पदक सोडा, त्याची डबीही नीट येत नाही. तेव्हा सगळं व्याज खर्चू नका. २५ लाखांवर साडेसहा टक्क्यांनी १,६२,५०० रुपये येत असतील तर एक लाखापर्यंत वापरा आणि उरलेले मुद्दलात घाला. हे प्रमाण दानपत्रातच लिहा. 'मूळ हेतू कालबाह्य झाल्यास व्यवस्थापन परिषदेनं जवळच्या हेतूसाठी निधी वापरावा' हे वाक्यही घाला. नाहीतर चाळीस वर्षांनी बंद पडलेल्या अभ्यासक्रमाच्या नावानं पैसा बँकेत पडून राहील आणि कुणालाच त्याला हात लावता येणार नाही.

देणगीदारांना मुद्दल राखणं पटवायला वेळ लागतो. त्यांना लगेच काहीतरी उभं राहिलेलं बघायचं असतं, आणि ते स्वाभाविक आहे. आम्ही त्यांना तो झाकलेला मायक्रोस्कोप दाखवतो.

११. कळवत राहा

वर्षातून एकदा, शक्यतो एकाच महिन्यात, दोन पानांचा हिशेब सगळ्या देणगीदारांना पाठवा. किती आले, कशावर गेले, किती उरले, काय रखडलं. रखडलेलं लपवू नका. आमची निविदा दोनदा रद्द झाली तेव्हा आम्ही कारणांसकट लिहून कळवलं. एकानंही पैसे परत मागितले नाहीत, उलट त्यांतल्या एकानं प्रस्तावातल्या तांत्रिक अटी दुरुस्त करून दिल्या.

हिशेबासोबत एक विद्यार्थ्याच्या हातचं पत्र जोडा. छापील आभारपत्र कुणी जपून ठेवत नाही. आमच्या दहा लाखांच्या देणगीदारांना त्या विद्यार्थिनीनं दुसऱ्या वर्षी पत्र पाठवलं, त्यात तिनं स्वतः घासून तयार केलेल्या पहिल्या पातळ कापाचा फोटो होता. काप एका कडेला जास्त घासला गेला होता आणि तिथले स्फटिक निघून गेले होते, तेही तिनं लिहिलं होतं. त्यांनी उत्तरात विचारलं, घासायचं यंत्र कितीचं येतं. आम्ही दरपत्रकं मागवली आहेत.